रॅलेला उतरा!

माणसं जमवणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे, असं मी गेल्या महिन्यापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. आता सांगत नाही.

त्याचं असं झालं. मी सुशांत. दिवसा अमेरिकेतल्या कॅरी गावात एका औषध कंपनीचे डेटाबेस सांभाळतो आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर विमानतळ चालवतो. विमानं खोटी, पण ती घरी बसून उडवणारी माणसं खरी. कोणी कधी उतरायचं, हे त्यांना माझ्यासारखे कंट्रोलर हेडफोनवरून सांगतात. वर्षभर शिकाऊ म्हणून घासल्यावर माझी परीक्षा ठरली. शनिवारी दुपारी दोन वाजता, आमच्या शेजारच्या रॅले शहराचा विमानतळ. परीक्षक प्रीता, न्यू जर्सीत वाढलेली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. तिची अट एकच होती: किमान दहा विमानं हवीत. नाहीतर परीक्षा रद्द आणि पुन्हा नंबर सहा महिन्यांनी!

आमच्या रॅलेवर शनिवारी दुपारी तीन विमानं आली तरी डोक्यावरून पाणी. म्हणून मी कॉम्प्युटर, विमानं, धावपट्टी असं सगळं दाखवणारं एक झकास पोस्टर केलं आणि अमेरिकाभरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकलं. खाली मजकूर: ‘शनिवारी दुपारी दोनला रॅलेला उतरा! कुठूनही या. उतरवून घ्यायची जबाबदारी माझी. सुशांत, कॅरी.’

माझी बायको आश्लेषा म्हणाली की हे ‘उतरा’ जरा नीट लिही. मी तिला ऐकवलं की विमान उतरतंच, मराठीत त्याला दुसरा शब्द नाही.

पोस्टर इतकं जड होतं की निम्म्या लोकांच्या फोनवर ते उघडलंच नाही. मजकूर तेवढा पोचला. हे मला नंतर कळलं.

गुरुवारी शिकागोहून प्रताप काकांचा फोन आला. डेव्हन ॲव्हेन्यूवर त्यांचं मिठाईचं दुकान आहे.

“तुझ्याकडेच उतरायचं ना?”

“दुसरीकडे कुठे, काका?”

“सरला आहे बरोबर. सामान बरंच होईल.”

“होऊ द्या. वजन मी बघत नाही.”

“आणि पार्किंग?”

“भरपूर आहे. कुठे लावायचं ते मी सांगेन.”

सत्तरीतला माणूस माझ्यासाठी विमान उडवायला शिकला! मला खरंच भरून आलं.

शनिवारी दोनला स्क्रीनवर चार विमानं होती आणि दारात तीन व्हॅन. सव्वादोनला स्क्रीनवर पाच, घरात चौदा! काका थेट माझ्या खोलीत आले, पाठीवर थाप मारली आणि मिठाईची बॅग टेबलाखाली सरकवून गेले. तिथे माझ्या माइकचं पेडल होतं. ते दाबलं की माइक चालू होतो आणि तोवर पलीकडचं काही ऐकू येत नाही. बॅगेखाली ते जे दाबलं गेलं, ते तसंच राहिलं. मला पत्ता नाही! हेडफोनमध्ये पायलट एकदम गप्प झाले, एवढंच कळलं. मी ओरडून ओरडून घसा कोरडा केला, आणि तिकडे एकाच धावपट्टीवर दोन विमानं समोरासमोर आली.

बाहेर मात्र आश्लेषाचा शांत आवाज चालू होता. “सरलाकाकू, खालचं बाथरूम तुमचं. सुलेखा, तू वर जा. काका, तुम्ही तिसरे, तोवर सोफ्यावर थांबा. काळी व्हॅन मागे घ्या, आधी पांढरी निघू दे.” चौदा माणसं, दोन बाथरूम, पण एका दारावर दोघं आले नाहीत.

अडीचला प्रीताचा फोन आला.

“सॉरी सुशांत, यू फेल्ड.”

“दहा विमानं आली नाहीत म्हणून?”

“नो. आलेली पाच तुला सांभाळता आली नाहीत.” चक्क मराठीत! “आणि तुझा माइक ओपन आहे. ती मागे बोलणारी बाई कोण?”

“माझी बायको.”

“तिला फोन दे. मला तिला ट्रेन करायचंय.”

आश्लेषा पुढच्याच महिन्यात पास झाली. तिच्या परीक्षेला दहा विमानं हवी होती, त्यातलं एक मी उडवलं. ती पलीकडच्या खोलीत होती. रॅलेजवळ येऊन मी अदबीनं विचारलं, उतरू का?

“तुम्ही तिसरे,” हेडफोनमधून आवाज आला. “तोवर थांबा.”

लग्नाला अकरा वर्षं झाली, तिनं मला पहिल्यांदाच अहोजाहो केलं. पस्तीस मिनिटं घिरट्या घातल्या, पण हूं की चूं केलं नाही.