जावक क्रमांक एक

विद्यापीठाच्या प्रवेश विभागात त्यांना सगळे पुरावेसाहेब म्हणत, अर्थात त्यांच्या माघारी. कॉलेज अर्ध्यावर सुटलेल्या माणसांनी पुढे नोकरीत, दुकानात, जिथे असतील तिथे काय काय शिकलो ते लिहून द्यायचं, साहेबांनी ते तपासून श्रेयांक द्यायचे आणि चाळीस श्रेयांक भरले की माणसाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, अशी एक सोय होती. सोय चांगली होती. अडचण एवढीच, की तिची वाट साहेबांच्या टेबलावरून जात होती. वीस वर्षं बेकरी चालवणाऱ्या एकाला त्यांनी ‘आपणास पाव भाजता येतो याचा पुरावा जोडावा’ असा शेरा मारून परत पाठवलं होतं. तो बिचारा दुसऱ्या दिवशी ताजा पाव घेऊन आला, तर पावावर तारीख नाही म्हणून साहेबांनी हरकत घेतली.

त्या दिवशी संध्याकाळी पाचला यंदाची यादी बंद होणार होती. राहिलेल्यांनी पुढल्या वर्षी यायचं. चारच्या सुमारास साहेबांनी शेवटचा अर्ज उघडला, क्रमांक सत्तेचाळीस. तपासणाऱ्याला अर्जदार कळू नये म्हणून नावाचं पाकीट वेगळं, बंद करून ठेवलेलं असे.

‘मी गेली बावीस वर्षे एका छोट्या संस्थेत काम करते,’ असं टाइप केलेल्या अर्जात होतं. ‘संस्थेला एक प्रमुख आहेत. सर्व निर्णय तेच घेतात. कोणता निर्णय घ्यायचा हे आदल्या दिवशी त्यांच्या कानावर घालणे, हे माझे काम.’

साहेब फस्सकन हसले. शेजारच्या टेबलावर आवक नोंदवणारे आवकवाले दचकले. अकरा वर्षांत त्यांनी हा आवाज ऐकला नव्हता.

“साहेब, बरं वाटत नाहीये का?”

“अहो, ऐका तर! ‘प्रमुखांचा चष्मा रोज हरवतो. तो त्यांच्या डोक्यावर असतो. तसे सांगितल्यास त्यांना राग येतो, म्हणून मी त्यांना आरशाच्या खोलीत शोधायला पाठवते. मनुष्यबळ व्यवस्थापन, चार श्रेयांक मिळावेत.’ ”

“काय माणसं असतात एकेक!” आवकवाले म्हणाले.

“थांबा, पुढे मजा आहे. ‘एकदा प्रमुखांनी गळका नळ स्वतः दुरुस्त केला. त्यानंतर तीन दिवस खालच्या मजल्यावरच्या लोकांची समजूत मी काढत होते. आपत्ती निवारण, सहा श्रेयांक.’ ” साहेबांनी हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसायला चष्मा डोक्यावर सरकवला. आता नळ त्यांनीही एकदा दुरुस्त केला होता, पण त्यांच्या मते तो नळच मुळात सदोष होता, त्यामुळे संबंध जोडायचं काही कारणच नव्हतं. ते आवाज खाली आणून म्हणाले, “मला तर हा प्रमुख आपल्या कुलसचिव मॅडमचा भाऊच वाटतो.”

दोघंही पोट धरून हसले. साहेब इतके खूश झाले, की चष्मा पुन्हा नाकावर ओढून त्यांनी शाईच्या पेनाने शेरा मारला: ‘अशा प्रमुखाच्या हाताखाली बावीस वर्षे टिकणे हीच मोठी पात्रता. मागितलेले सर्व बेचाळीस श्रेयांक द्यावेत.’ खाली झोकदार सही ठोकली. मग नियमाप्रमाणे शिक्का मारण्यासाठी पुराव्यांचं पाकीट उघडलं.

आतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा निघाला. सगळ्यात वर होती: ‘जा. क्र. १२१८. विषय: पांढरा सदरा. सदर सदरा कपाटात आढळून येत नाही. तरी तात्काळ शोध घेऊन कळवावे.’ खाली झोकदार सही.

साहेबांनी ती सही पाहिली. मग शेऱ्याखालची सही पाहिली. दोन्हींत तसूभरही फरक नव्हता.

घरात तोंडी बोललेल्याला पुरावा राहत नाही, म्हणून लग्न झाल्यापासून साहेब बायकोला जे काही सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून, जावक क्रमांक घालून फ्रिजवर लावत. चिठ्ठ्यांचं पुढे काय होतं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. तिने त्या जपून ठेवल्या होत्या, आणि त्यातल्या निवडक साठ तारीखवार लावून जोडल्या होत्या.

“काय हो साहेब,” आवकवाल्यांनी मान लांब केली, “पुरावा कमी पडला की काय?”

“नाही... जरा जास्तच झालाय.”

तेवढ्यात कुलसचिव मॅडम दारात. “पुरावेसाहेब हसत होते म्हणे,” त्या चुकून बोलून गेल्या. “कुणाला काही झालंय का? आणा ती फाइल, मी पण वाचते.”

साहेबांनी फाइल छातीशी धरली. “थोडी तपासणी राहिलीय, मॅडम.”

“पाच मिनिटांत घेऊन या. यादीवर सही करायचीय मला.”

नियम साहेबांना तोंडपाठ होता. नातेवाइकाचा अर्ज तपासायचा नाही, नातं जाहीर करून फाइल वरिष्ठांकडे द्यायची. लपवलं आणि उद्या उघड झालं, तर अर्जदाराचा प्रवेश रद्द. पण जाहीर करायचं म्हणजे तो चष्मेवाला, नळवाला प्रमुख मीच, असं सगळ्या ऑफिससमोर कबूल करायचं. थोड्या वेळापूर्वी आपणच मोठ्याने वाचून दाखवलेलं!

तिसरी वाट मात्र त्यांच्या हातचा मळ होती. एखादा कागद कमी काढायचा, फाइल परत. ती पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करील, घाई कसली आहे? साहेब भराभर चिठ्ठ्या उलटू लागले. तारीख होती. क्रमांक होता. सही तर होतीच होती. इतका निर्दोष अर्ज त्यांच्या टेबलावर आजवर आला नव्हता. ही शिकली कुठे, असं त्यांच्या मनात आलं आणि उत्तरही लगेच कळलं.

सगळ्यात तळाशी पिवळी पडलेली एक चिठ्ठी होती.

‘जा. क्र. १. विषय: आपले अर्धवट राहिलेले शिक्षण. आपली तोंडी विनंती प्राप्त झाली. पुढील वर्षी विचार करण्यात येईल.’

लग्नाला तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. साहेबांनी ती गंमत म्हणून लिहिली होती आणि बायको हसली होती, निदान त्यांना तरी तसं आठवत होतं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही, म्हणून त्यांनीही विषय निकाली काढला. पुढचं वर्ष बावीस वेळा आलं आणि गेलं. आणि आता तेविसाव्यांदा आपण तेच लिहायला निघालो होतो, हे लक्षात येऊन त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला, ते उठले आणि तडक मॅडमच्या खोलीत गेले.

“मॅडम, हा अर्ज मी तपासू शकत नाही. माझ्या बायकोचा आहे.”

“अरे वा, छान की!” मॅडमनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग हळूच वर पाहिलं. “म्हणजे हे जे प्रमुख आहेत...”

“मीच.”

दाराबाहेर काहीतरी धपकन पडलं. आवकवाल्यांच्या हातातलं रजिस्टर असावं.

मॅडमनी ओठ घट्ट आवळून सगळा अर्ज वाचला. मधेच त्यांना दोनदा खिडकीकडे तोंड करावं लागलं. “तुमचा शेरा रद्द करावा लागेल,” त्या शेवटी म्हणाल्या. “शेरा अगदी बरोबर आहे, पण मलाच तो पुन्हा लिहायला हवा.”

“आणि पुरावे, मॅडम?”

“कागदावरचे पुरेसे आहेत. शिवाय एक समोर उभा आहे. इथे नातं जाहीर केल्याची सही करा.”

साहेब खिसे चाचपू लागले. “एक मिनिट, माझा चष्मा...”

“डोक्यावर,” मॅडम म्हणाल्या.

घरी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. साहेबांनी बूट काढले आणि ते दारातच उभे राहिले.

“सत्तेचाळीस नंबर माझ्या टेबलावर आला होता.”

तिच्या हातातली घडी थांबली. “काय कमी पडलं?”

“काही नाही. बेचाळीस श्रेयांक. मॅडमनी दिले.”

ती मटकन खुर्चीत बसली. “परत नाही पाठवलात?” तिने विचारलं. “मी तर दुसरी प्रत करून ठेवली होती.”

साहेबांनी उरलेल्या घड्या घातल्या. त्या तिने नंतर पुन्हा घातल्या.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी साहेबांचा हात सवयीने कागदाकडे गेला. ‘जा. क्र. १४०६,’ त्यांनी लिहिलं. ‘विषय: दुपारचा डबा. उद्यापासून आपण सकाळी सातला बाहेर पडणार असल्याने सदर डब्याची व्यवस्था काय, ते कळवावे.’ आणि चिठ्ठी फ्रिजवर लावली.

सकाळी ते उठले तेव्हा ती गेलेली होती. ओट्यावर रिकामा डबा होता. चिठ्ठी जागच्या जागी होती आणि तिच्याखाली लाल पेनाने, सुवाच्य अक्षरात शेरा होता:

‘पुढील वर्षी विचार करण्यात येईल.’

साहेबांनी चष्मा डोक्यावरून खाली ओढला आणि शेरा बारकाईने तपासला. तारीख होती. सही होती. हरकत घ्यायला कुठे जागाच नव्हती.