जावयाच्या खोलीतले बारा टर्की

सेजलचं लग्न झालं त्याच वर्षी तिच्या वडिलांनी, कारापूरच्या सगुणने, खाणीवरचा ट्रक विकून चाळीस टर्की आणले. चाळीसही नर. नाताळापर्यंत वाढवायचे, हा बेत. तो फसला तर परत दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जायचं, हे सगुणला ठाऊक होतं.

पण पक्षी पाहून तो बेतच विसरला. टर्कीचं डोकं घटकेत लाल, घटकेत निळं, घटकेत चुन्यासारखं पांढरं. पिसारा फुलवला की भाताच्या टोपलीएवढा. आणि कुठलाही मोठा आवाज झाला की सगळे एकदम ओरडून उत्तर देत. बसचा हॉर्न वाजला, उत्तर. कुकरची शिट्टी झाली, उत्तर.

"माझ्या हाकेक तुमी कदी येवढ्या बेगीन ओ दिलास नाय," शेवंती नवऱ्याला म्हणाली.

गणेशचतुर्थीच्या आधीच्या शुक्रवारी सगुण म्हापशाच्या बाजारात गेला आणि येताना तीन गावठी कोंबड्या घेऊन आला. वेगळं खुराडं नव्हतं, म्हणून त्या टर्कींच्या शेडमध्येच सोडल्या. अर्ध्या तासात तो धावत घरात आला.

"शेवंती, घात झालो! बारा जणांची डोकी पांढरीफटक पडली. अंग फुगला, पंख जमनीक घासतत, थरथरतत!"

"तुमच्या कोंबड्यांनी रोग हाडलो."

"तेच म्हणतंय मी. आजारी ते वेगळे काढूक होये. आत्ताच्या आत्ता!"

वेगळे काढायला घरात एकच जागा रिकामी होती. लग्नानंतरची पहिली चतुर्थी, जावई तिच्या दुसऱ्या दिवशी येणार, म्हणून ती खोली रंगवून, नवी गादी घालून ठेवलेली. सगुणने गादी उचलली, भुसा पसरला आणि बारा टर्की आत कोंडले.

"जावयाक खय निजवतल्यात? शेडात?" शेवंतीने विचारलं.

"तोपर्यंत हे एक तर बरे होतले, नाय तर…"

बारा टर्की मेले नाहीत. खाऊन-पिऊन खोलीभर फिरत राहिले. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी जावई प्रज्योत सेजलला घेऊन धारगळहून आला. त्याला चहा दिला, नेवऱ्या दिल्या, बलकांवात, दारापुढच्या ओट्यावर, बसवून ठेवलं. खोली कोणी दाखवेना.

संध्याकाळी आरती उभी राहिली. सगुणचे मामा, धाकूमामा, घुमट म्हणजे कातडं ताणलेलं मातीचं मडकं घेऊन वाजवायला बसले. ऐंशीचं वय, अलीकडे पोरं आरती मोबाइलवर लावायची, म्हाताऱ्याला कोणी विचारत नसे. आज जावयासमोर मान म्हणून बोलावलेलं. त्यांनी घुमटावर पहिली थाप मारली आणि बंद खोलीतून बारा गळ्यांनी एकदम उत्तर आलं. धाकूमामा थांबले. खोलीही थांबली. परत थाप, परत उत्तर, नेमकं तालावर. म्हाताऱ्याच्या अंगावर काटा आला. शेवंतीने नकळत खोलीकडे वळून हात जोडले.

प्रज्योत हळूच बायकोला म्हणाला, "सेजल, आमच्या खोलीत आरतेक किती माणसां बसलीत?"

दुसऱ्या सकाळी सगुणने गुरांच्या डॉक्टर स्नेहाला बोलावलं. तिने खोलीत पाहिलं आणि हसूच लागली.

"सगुणकाका, यांना काही झालेलं नाही. नव्या कोंबड्या दिसल्या म्हणून ऐट करत होते. बाकीचे कुठे आहेत?"

शेडमधले अठ्ठावीस पाहून मात्र तिचं हसणं थांबलं. कोणी शिंकत होता, कोणाचा डोळा सुजलेला, कोणी चोच उघडून श्वास घेत होता. तिने घशातले नमुने घेतले.

"जिवाणूंचा रोग वाटतो. नाकातून छातीत उतरतो. आपल्याकडे टर्की नवे, त्यांचे रोगही नवे. कोंबड्या वरून बऱ्या दिसतात, पण रोग बाळगतात. तुम्ही चांगले ते बाहेर काढलेत आणि आजार आत ठेवलात. म्हणून ते बारा वाचले."

"मगे हेंच्यातले आजारी कशे वळखूचे? शिंकतत ते कळतत, बाकीचे सारकेच दिसतत."

धाकूमामा घुमट घेऊन आले आणि शेडच्या दारात उभं राहून त्यांनी थाप मारली. एकोणीस ओरडले. नऊ गप्प राहिले. मामांनी तीनदा वाजवलं. तेच नऊ गप्प. डॉक्टर तोंडात बोट घालून बघत राहिली.

"मामा, हे रोज सकाळी वाजवायचं. गप्प असेल तो लगेच वेगळा काढायचा."

"आतां माका काम गावला," म्हातारा म्हणाला.

पाण्यातून औषध सुरू झालं. कोंबड्या शेडबाहेर काढल्या, शेडच्या दारात चुना पडला, आत जायच्या चपला वेगळ्या झाल्या. नवांपैकी चार मेले, पाच वाचले. जावयाने तीन रात्री बलकांवात काढल्या. नाताळात छत्तीसांतले पस्तीस विकले गेले. खोलीतला सर्वांत मोठा शेवंतीने ठेवून घेतला.

"आरतेक साथ दिल्यान. तेका विकूचो नाय," ती म्हणाली.

नंतर दर वर्षी नवे टर्की येत, नाताळात जात. तो राहिला. सेजलची मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी एका सकाळी धाकूमामांनी घुमट वाजवलं. सगळे ओरडले, तो गप्प राहिला. मामांनी तीनदा वाजवलं.

शेवंतीचा तो टर्की त्यानंतर, नारळीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी मेला.