शांतवनकाकांचं तिकीट

सरोजिनी नगरच्या बाजारात भाव वाढवून मागणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं. दुकानदार म्हणाला, "अंकल, दो सौ." शांतवनकाकांनी शर्ट उलटा केला, आतली शिवण चाचपली आणि दुखावल्या आवाजात म्हणाले, "दो सौ में क्या होता है भैया? सिलाई देखो. ढाई सौ लो." दुकानदारानं आधी काकांकडं पाहिलं, मग माझ्याकडं आणि शेवटी संशयानं स्वतःच्याच शर्टाकडं. सौदा सव्वादोनशेला पटला. घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "यांना बाजारात नेऊ नकोस रे प्रसाद. परवा भाजीवाल्यालाच यांची दया आली, त्यानं कोथिंबीर जास्त दिली."

"केलेल्या कामाचा भाव पाडायचा नसतो," हे काकांचं ब्रीद. रिक्षावाला असो, चांभार असो, ते सगळ्यांना ऐकवतात. आणि हाच माणूस स्वतःच्या गाण्याच्या तिकिटाचा भाव सांगायची वेळ आली की चोरी पकडल्यासारखा घाम पुसायला लागतो.

शांतवन गायकवाड मूळचे नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. दिल्लीत मुनिरक्यात माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. मी पुण्याहून गुडगावच्या नोकरीसाठी आलो, तेव्हा आधी छतातून त्यांची पेटी ऐकू आली आणि मग आठवड्यानं ते स्वतः दिसले. ते शाळेत संगीत शिकवायचे, काकू सरकारी इस्पितळात नर्स. दोघंही निवृत्त झाल्यावर काका 'स्वतंत्र कलाकार' झाले. म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं स्वतः लिहायची, स्वतः चाल लावायची, पुढच्या गल्लीतल्या एका मिझो गिटारवाल्याला साथीला घ्यायचं आणि वर्षातून एखाद्या वेळी हॉल भाड्यानं घेऊन गायचं. पाठीशी चर्चची कमिटी नाही की कुठली कंपनी नाही. काकूंची पेन्शन तेवढी आहे.

पहिल्या कार्यक्रमाला त्यांनी तिकीटच ठेवलं नव्हतं. रविवारच्या उपासनेत अर्पणाची थैली फिरते, तशी थैली फिरवली. लोकांनीही रविवारच्याच सवयीनं त्यात दहा-दहाच्या नोटा टाकल्या. एका गृहस्थांनी पन्नासची टाकून चाळीस परत काढून घेतले आणि डोळे मिटून "हालेलूया" म्हणाले. हॉलचं भाडं काकूंनी भरलं. दुसऱ्या वेळी मग काकूंनीच तिकिटं छापून आणली.

आणि घोटाळा तिथंच झाला. काकांनी पहिलं कोरं तिकीट मोठ्या कौतुकानं गावी थोरल्या भावाला पाठवलं. हे योनाथानदादा. वडील लवकर गेले, तेव्हा दादांनीच काकांना वाढवलं, मांडीवर बसवून पेटी शिकवली. दादा गावोगाव ख्रिस्ती कीर्तनं करतात आणि कुणाकडून पैसा घेत नाहीत. फार तर जेवतात. तिकीट पोचल्यावर त्यांचा फोन आला. "शांतवन, प्रभूनं तुला गळा देताना पावती फाडली होती का रे?" एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर काकांनी किती फोन केले. दर वेळी वहिनीच उचलायच्या आणि म्हणायच्या, "ते चर्चमध्ये गेलेत." काका मला हसत सांगायचे, "आमचा दादा चर्चमधून घरी येतच नाही बघ." पण हसू काही पुरं यायचं नाही. प्रत्येक कार्यक्रमाचा निरोप मात्र ते न चुकता पाठवायचे. "एकदा येऊन ऐकू दे त्याला. मग काय शिव्या द्यायच्या त्या देऊ दे." मला वाटतं, ते गात होते ते एवढ्यासाठीच. दिल्लीचे आम्ही सगळे श्रोते म्हणजे दादा येईपर्यंतची सोय.

यंदा तिकिटाचा भाव ठरवायला आम्ही तिघं बसलो. मी ठणकावून म्हणालो, "काका, एकच भाव. तीनशे."

"तीनशे बिल्कुल ठीक," काका म्हणाले. "फक्त इथल्या यूपीएससीच्या पोरांना फुकट. मेसचे पैसे देताना त्यांचे चेहरे बघवत नाहीत."

"बरं."

"चर्चच्या पाळकांना निम्मं. विश्वासी लोकांनाही निम्मं, ते चर्चमध्ये देतातच बिचारे. आणि हिंदू, मुसलमान, शीख, कुणी आले तर त्यांनाही निम्मं. आपले नसून आले ना?"

"मग पूर्ण तिकीट लावायचं कुणाला?"

काकांनी बराच विचार केला. "यार प्रसाद, नास्तिकाला लावू."

"तो कशाला येईल?"

"तेच तर. म्हणजे कुणालाच त्रास नाही."

काकूंनी चहाचा कप दाणकन ठेवला. "हॉलवाला तुम्हाला विश्वासी म्हणून निम्मं भाडं लावणार आहे का?" तिथं चर्चा संपली. सगळ्यांना तीनशे, साठीच्या पुढं दीडशे, फुकट कुणालाही नाही. मागच्या वेळी दारावर बसून त्यांनी निम्म्या लोकांचे पैसे परत केले होते, म्हणून यंदा दारावर मला बसवलं.

करोल बागेतल्या एका शाळेचा हॉल होता. माणसं बऱ्यापैकी आली. कार्यक्रम सुरू झाल्यावर एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरा सदरा, धोतर, हातात कापडी पिशवी. बाहेरच्या वर्दळीनं थोडे भांबावलेले दिसत होते.

"जय ख्रिस्त. तिकीट केवढ्याला?"

दिल्लीत असं स्वच्छ मराठी ऐकून मला बरं वाटलं. म्हणालो, "आजोबा, तुम्हाला निम्मं. दीडशे."

"पूर्ण केवढ्याला आहे?"

"तीनशे."

त्यांनी आतल्या खिशातून रुमालात बांधलेल्या नोटा काढल्या. "पूर्ण द्या."

"अहो, साठीच्या पुढं सवलत आहे."

"गाणं काय मला निम्मं ऐकू येणार आहे?"

मी हसलो. ते हसले नाहीत. तिकीट नीट घडी करून खिशात ठेवलं आणि शेवटच्या रांगेत कडेला जाऊन बसले.

मध्यंतरानंतर काका एका गाण्यात अचानक थांबले. हात पेटीवर चालू, तोंड उघडं, नजर शेवटच्या रांगेवर. गिटारवाल्यानं सांभाळून घेतलं. मग काका गायला लागले, आणि काय गायले! त्यांना तसं गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं छतातून जे ऐकत होतो ते नुसतं गुणगुणणं होतं, असं वाटलं. म्हातारबाबा मान खाली घालून बसले होते आणि गुडघ्यावर बोटांनी ताल धरत होते. शेवटचं गाणं संपत आलं तेव्हा ते उठले. माझ्याजवळून जाताना "गाडी आहे," एवढंच म्हणाले.

टाळ्या चालू असतानाच काका स्टेजवरून अनवाणी धावत दाराशी आले. "दादा कुठाय?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला तर आनंदच झाला. "काका, ते तुमचे दादा? अहो, रीतसर तिकीट काढून आले! मी सवलत देत होतो, तर नको म्हणाले. पूर्ण पैसे मोजले. शेवटी मानलं की त्यांनी तुमचं म्हणणं!"

काकांचा चेहरा उतरला. "त्यानं पैसे दिले?"

"हो."

"आणि तू घेतलेस?" मग लगेच माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाही, तुझं काय चुकलं. तुला काय माहीत."

ते पायरीवर बसले. लोक येऊन "बहुत अच्छा" म्हणत होते, ते मान हलवत होते. काकू शेजारी येऊन बसल्या. "अहो, आशीर्वाद म्हणून दिले असतील."

"असतील," काका म्हणाले. "मग भेटला का नाही? घरचं माणूस भांडतं, शिव्या देतं, दारातून परत जातं. पैसे मोजून आत बसत नाही गं."

दादांनी भावाचं गाणं मानलं होतं, की भावाला परका मानलं होतं, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच सांगता येईना. त्यांच्या हातून नोटा घेतल्याचं मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. दोन दिवसांनी काकांनी गावी फोन लावला. वहिनी म्हणाल्या, सुखरूप पोचले, चर्चमध्ये गेलेत.

त्यानंतर वरची पेटी काही दिवस वाजली नाही. एका रविवारी सकाळी काका माझ्या खोलीवर आले. मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. त्यांनी चहा घेतला, माझ्या ऑफिसची चौकशी केली, मग स्क्रीनकडं बोट दाखवून म्हणाले, "यावर रेल्वेचं तिकीट रद्द होतं ना रे?"

"होतं की. कुठं जायचंय?"

"कुठं नाही. झालेल्या कार्यक्रमाचं तिकीट रद्द करता येतं का?"

"नाही काका. कार्यक्रम झाला की झालं."

त्यांनी रिकामा कप खाली ठेवला.

"सगळ्यांचं नको रे," ते म्हणाले. "त्याचं एकट्याचं."