दुखण्याचा दाखला

एका जंगलात, मुलांनो, आजारी पडायला परवानगी लागत असे.

हसू नका. नियम चांगल्या हेतूनंच केलेला होता. तिथला चितळांचा कळप दर उन्हाळ्यात नदीपलीकडे जाई आणि वाटेत बिबट्याचा डोंगर लागे. कळपात कुणी आजारी असेल तर त्याला मधे घ्यायचं आणि सगळ्यांनी त्याच्या चालीनं चालायचं, अशी रीत होती. फक्त दुखणं खरं असल्याचा दाखला हवा. दाखला म्हणजे पळसाचं पान आणि त्यावर वैद्यांच्या चोचीचं भोक.

वैद्य होते सुतारपक्षी टकटके. त्यांचं सगळं शिक्षण झाडांवर झालेलं. खोडावर चोच मारायची, पोकळ आवाज आला की आत किडा. हरणांनाही ते तसंच तपासत. त्यांच्या चोचीला गुण आहे, असं सगळे म्हणत.

कळपात काजळी नावाची एक चितळीण होती. तिचा मागचा उजवा पाय तिचं ऐकेनासा झाला. ओढत चालावं लागे. मधेच तो लटपटे आणि ती मटकन खाली बसे. कळप निघायला पंधरा दिवस उरले होते. डोंगरावर मागे पडलेल्याचं काय होतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

टकटक्यांनी तिचा पाय वरपासून खुरापर्यंत टकटक करून तपासला.

"अभिनंदन! पायात काहीही नाही."

"पण वैद्यबुवा, पाय उचलत नाही हो."

"किडा नाही, सूज नाही, मोड नाही. तुला आनंद व्हायला हवा."

"आनंद झाला तर उचलेल का?"

उलट बोलणारे रुग्ण टकटक्यांना आवडत नसत. "मनाचे खेळ आहेत. मन कुठंतरी रमव," असं म्हणून त्यांनी पुढच्याला बोलावलं. पान कोरंच राहिलं.

बातमी कळपभर झाली. म्होरके शिंगाडेराव म्हणाले, "आमच्या वेळी असली दुखणी नव्हती." त्यांच्या वेळी दुखणारे मागेच राहत, म्हणून परत येऊन कुणी सांगितलं नसेल. काजळीची थोरली जाऊ शेवंती तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "निघायची वेळ आली की बरा दुखतो हिचा पाय! नाचता येईना, अंगण वाकडं."

इतक्यांनी सांगितल्यावर काजळीलाही वाटू लागलं, आपण सोंग तर करत नाही ना? त्या दुपारी ती ओढ्याकाठी बसून खूप रडली.

तिथल्या कपारीत घोरपड मावशी राहत असे. मावशीकडे पदवी नव्हती, सवड होती. तिनं विचारलं, "कधीपासून गं?"

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. काजळी सांगत सुटली. आंब्याला मोहर होता तेव्हा ती ओढ्यात घसरली होती. सूज दोन दिवसांत उतरली, पण पाय गेला तो गेलाच.

मावशीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "पाय धड आहे. त्याला निरोप पोचत नाही. गवत वाढून पायवाट बुजते ना, तसं. रोज थोडं चाल, वाट पुन्हा पडेल."

"म्हणजे मी सोंग नाही करत?"

"सोंग करणारी एवढी रडते का, वेडे?"

काजळी रोज चालू लागली. पहिल्या दिवशी दहा पावलं, मग पंधरा, मग चाळीस. एकदा शेवंतीनं पाहिलं आणि ओरडली, "बघा, बघा! चालता येतंय की!" तेव्हापासून काजळी करवंदीच्या जाळीआड चालू लागली. बरं होण्याचा प्रयत्नसुद्धा लपून करावा लागतो, याचा मला अजून राग येतो, मुलांनो.

"पुरतं बरं व्हायला किती दिवस?" तिनं विचारलं.

"पावसाळा उजाडेल."

"कळप उद्या निघतोय, मावशी."

यावर मावशीकडे औषध नव्हतं.

सकाळी काजळी बाभळीखाली गेली. तिनं आपला धडधाकट, पुढचा डावा पाय उचलला आणि एका लांब काट्यावर जोरानं टेकवला.

किंकाळी ऐकून कळप जमला. टकटके उडत आले. "सापडला! काटा आहे! मी म्हणतच होतो, काहीतरी असणार."

"पण वैद्यबुवा, माझा मागचा पाय..."

"त्याचंच मूळ इथं होतं. मुळं कुठून कुठं जातात, तुला काय कळणार?"

पळसाच्या पानाला भोक पडलं. निघायची घाई होती, म्हणून काटा नदीपलीकडे गेल्यावर काढायचं ठरलं. काजळीला मधे घेतलं. सगळा कळप तिच्या चालीनं, गोगलगाईसारखा, बिबट्याचा डोंगर उतरला. वाटेत शेवंतीनं कोवळा पाला आणून तिच्या तोंडाशी धरला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "किती सोसलंस गं! आधीच का नाही बोललीस?"

नदीपलीकडे टकटक्यांनी काटा काढला. पुढचा पाय चार दिवसांत बरा झाला. मागचा रोजच्या चालण्यानं हळूहळू, श्रावणात बरा झाला. दोन्हींचं श्रेय वैद्यांना मिळालं आणि शिंगाडेरावांच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला. काजळीनं सर्वांत पुढं उभं राहून खूर वाजवले.

तात्पर्य : खोटं कधी बोलू नये, मुलांनो. पण दुखणं खरं असेल, तर त्यावर लोकांचा विश्वास बसेल इतपत खोटं हाताशी ठेवावं.