आमच्या वाकलेल्या शाळेचा गौरव

शिस्त आतून यावी लागते. आमच्या शाळेत ती डासाच्या सोंडेतून आली.

आमच्या माकोंदे पठारावर मोठ्यांना ‘शिकामू’ असा नमस्कार करताना मुली गुडघे वाकवतात. जितकं वाकाल तितके संस्कार. एप्रिलमध्ये नववीच्या मुलींना ताप आला, सांधे धरले आणि त्या वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. आजार चिकुनगुनिया. (हे नाव आमच्याच भाषेतलं, अर्थ ‘वाकवणारा’. पठाराने जगाला आणखी काय काय दिलं, ते शोधायचं काम चालू आहे.) मुख्याध्यापक नाम्पोटा सरांचं निदान मात्र वेगळं होतं : संस्कार.

त्यांची आकडेवारी अशी : एकूण मुली एकेचाळीस. अत्यंत नम्र अडतीस. साधारण नम्र दोन (पैकी एकीचा नुसता पाय मुरगळला होता). उद्धट एक. ती मी.

“आशुमिनी, शनिवारपर्यंत नीट वाकलीस तरच नेटबॉलची फायनल खेळशील,” सर म्हणाले. हे गंभीर होतं. संघात गोल मारणारी मी एकटी, आणि बाकी वाकलेल्या सहाजणींना चेंडू वर गेला की तो गेला एवढंच कळत होतं.

“सर, हा डासांचा आजार आहे. दिवसा चावतात ते. तुमच्या ऑफिसातल्या रांजणात अळ्या वळवळताहेत!”

“ते पाहुण्यांचं पाणी आहे. तू पाहुणी आहेस?”

“निदान झाकण तरी ठेवू या?”

“झाकलं तर रांजण भरलेला आहे हे पाहुण्यांना दिसणार कसं?”

(आमच्याकडे पाणी दरीतून डोक्यावर आणावं लागतं. भरलेला रांजण झाकणं म्हणजे नवा झगा घालून घरात बसणं.)

उलट बोलल्याबद्दल शिक्षा झाली : आठवडाभर रोज एक तास रांजणाशेजारी उभं राहायचं.

“ए खांबा, वाक ना जराशी!” बाक धरून उठत सोमोए म्हणाली. ती आमची कर्णधार.

“खोटं खोटं वाकू?”

“मग आम्ही काय हौसेनं... आई गं!”

शनिवारी सकाळी मी तापाने फणफणले आणि अगदी खरी वाकले. “जमलं की नाही!” म्हणत सरांनी मला संघात घेतलं. आम्ही सत्तेचाळीस-शून्य हरलो. (समोरच्या मुली भलत्याच उद्धट. ताठ धावत होत्या.) सामन्याला आलेले शिक्षणाधिकारी आम्हाला पाहून गहिवरले, सरांच्या ऑफिसात दोन तास बसले आणि ‘आदर्श नम्र शाळा’ असं प्रशस्तिपत्र देऊन गेले. आता तेही खूप नम्र झालेत असं ऐकते.

प्रशस्तिपत्र रांजणाच्या वर लावलंय.

हसताय? हसा. तुमच्या कुंडीखालच्या बशीत पाणी आहे, आणि ते शोभेच्या झाडाचं आहे, हेही मला मान्य आहे. फक्त आत्ता वाचता वाचता घोटा खाजवायला तुम्ही जे वाकलात ना, ते फार छान वाकलात. संस्कारी दिसता.