सहा नंबरची खाट

आमच्या खानझोडे सिस्टर टांग्यात चढण्याआधी घोड्याला आपलं नाव सांगत. "मी खानझोडे. मागून चढून राहिली. हलू नको." टांगेवाला सुरुवातीला हसायचा. पुढे पुढे सिस्टरांचं बोलून झाल्याशिवाय घोडाच पाय उचलेना, तेव्हा त्याचं हसणं बंद झालं.

जबलपूरला तोफगोळ्यांच्या एका कारखान्याचा छोटा दवाखाना होता, तिथे त्या हेड सिस्टर. पाकिस्तानशी लढाई जुंपली होती, कारखाना तीन पाळ्यांत चालायचा, खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले. बाबा त्याच कारखान्यात, गोळ्यांत दारू भरायच्या विभागात होते. मी जात्याच भित्री. विमानाला भ्यायची, भोंग्याला भ्यायची, आणि दवाखान्यात नर्स म्हणून नाव लागल्यापासून सर्वांत जास्त खानझोडे सिस्टरांना.

त्याला कारण होतं. नर्स असो, वॉर्डबॉय असो की डॉक्टर, नव्या माणसाने पहिला दिवस सहा नंबरच्या खाटेवर काढायचा, हा सिस्टरांचा नियम. डोळ्यांवर पट्टी, दोन्ही हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये, भाजून आलेल्या माणसासारखे. "एक दिवस पडून पहा," त्या म्हणायच्या, "मग दुसऱ्याच्या अंगाला हात लाव."

माझ्याआधी महिनाभर नेपियर टाउनमधल्या एका बड्या डॉक्टरांचे चिरंजीव रुजू झाले होते. त्यांचीही सुटका झाली नाही. तासाभरात मलमपट्टी करणाऱ्या रामप्यारे ड्रेसरने मुकाट्याने त्यांच्या तोंडात थर्मामीटर खुपसलं आणि साहेब किंचाळत खाटेवरून खाली आले.

"हम तो बुखार देख रहे थे, सिस्टरजी."

"देखो भैया, पर पहले बोलो!" सिस्टर कडाडल्या. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "काहून घाबरले, डॉक्टर? एवढीशी काचेची कांडी तर होती." तेव्हापासून ते डॉक्टर नाडी बघतानासुद्धा आधी आपलं पूर्ण नाव सांगत, पदवीसकट.

हे सगळं ऐकूनच मी पहिल्या दिवशी गेले. सिस्टरांनी स्वतः मला बांधलं. "सुमन, मी खानझोडे. आता डावा हात बांधून राहिली. घट्ट झालं तर बोल." मग त्या गेल्या आणि मी अंधारात उरले. नाकावर माशी बसली, ती हाकलता येईना. कोणीतरी पाणी पाजलं, त्यातलं निम्मं गळ्यावरून पाठीत गेलं. बाथरूमला जायचं होतं, पण ते म्हणणार कोणाला? सकाळचे अकरा तरी वाजले असतील.

तेवढ्यात खाट हादरली. खिडक्यांची तावदानं थरथरली आणि भोंगा सुरू झाला. कारखान्याचा भोंगा पाळी बदलताना वाजतो. मधेच वाजला तर कुठेतरी स्फोट झाला, हे आमच्या क्वार्टर्समधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"किस सेक्शन का?" कोणीतरी धावता धावता ओरडलं.

"फिलिंग!"

म्हणजे बाबांचा.

मी हाका मारल्या, पण ऐकायला कोण होतं? स्ट्रेचर खाटेला घासून जात होते. जळक्या दारूचा वास आला. प्रत्येक कण्हणं मी कान देऊन ऐकत होते, हे बाबांचं का? आणि नसलं की मला हायसं वाटायचं, त्याची अजून लाज वाटते. उशीवर तोंड घासून पट्टी सोडवायला गेले, पण सिस्टरांनी बांधलेली ती, कसली सुटते! चाचपडत उठले तर कोणीतरी मला खाटेवर दाबलं आणि काही न बोलता थंडगार कात्रीने माझी बाही कापायला लागलं. मला खरीच भाजलेली समजले होते. मी गुरासारखी ओरडले.

"सोड तिला! ती आपली आहे." मग अगदी कानाशी, "सुमन, मी खानझोडे. तुझ्या उजवीकडे उभी आहे."

"सिस्टर, बाबा?"

"माहीत नाही मला. खोटं नाही सांगणार. पाहून येते."

त्या गेल्या. तो वेळ किती होता ते मला आजही सांगता येणार नाही. देवाचं नावसुद्धा आठवेना. मग धापा टाकत कोणीतरी आलं.

"मी खानझोडे. सुमन, तुझे बाबा फाटकावर उभे आहेत. धड आहेत. मी त्यांच्याशी बोलून आली."

मी पट्टीच्या आत ओक्साबोक्शी रडले. म्हटलं, "आता सोडा ना हे."

"थांब जरा."

"सिस्टर, सोडा ना."

"थांब म्हटलं ना, बाई." आवाज भलताच जड होता. त्या खाटेच्या काठावर बसल्या, खाट त्या बाजूला कलली. "मोठ्या लढाईत, इंग्रजांच्या वेळी, आमचे हे त्याच विभागात होते. अशीच सकाळची वेळ, असाच स्फोट. मी बाजूच्या वॉर्डात संध्याकाळपर्यंत लोकांचे ताप मोजून राहिली होती. हे गेल्याचं सगळ्यांना माहीत होतं गं. काम थांबेल म्हणून मलाच नाही सांगितलं."

खाट बारीक हलत होती.

सबंध दवाखाना ज्यांना टरकून असे, त्या बाईंना काय म्हणायचं असतं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी माझे बांधलेले दोन्ही हात पुढे केले आणि अंधारात चाचपत त्यांचा खांदा शोधला.