पंधरावा चोर

चोर ओळखण्यात माझा हात धरणारं स्फाक्स शहरात कुणी नाही, असं मी एकोणीस वर्षं सांगत आलेय. दुकानाच्या दाराशी मी उभी असते. कोटाच्या बाहीत गेलेला ट्यूनाचा डबा मला माणसाच्या चालीवरून कळतो. म्हणून मॅनेजर लसादने चेहरे ओळखणारा कॅमेरा बसवला, तेव्हा मी त्याला सुनावलं, "यंत्राला डोळा असतो, नजर नसते."

"मग तुमची नजर त्याला द्या, झकियाताई. पकडलेल्या चोरांचे फोटो तुमच्या फोनमध्ये आहेत ना? तेवढे भरा."

भरले. चौदा.

गुरुवारी हम्मादी मास्तर आले. पालिकेच्या निवडणुकीत उभे राहिलेले निवृत्त शिक्षक. मागे चार-पाच कार्यकर्ते. मास्तरांनी दारात पाऊल टाकलं आणि भोंगा केकाटला. कार्यकर्ते आत आले, तोच पाठीमागे दार आपोआप बंद झालं. भिंतीवरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली : 'नोंदलेला चोर'.

तीसेक गिऱ्हाईकं जागच्या जागी थिजली. कुणाच्या तरी टोपलीतून लिंबू घरंगळत गेलं.

"काय म्हणतंय हे?" मास्तरांनी विचारलं.

"चूक झाली असेल," लसाद पुटपुटला.

"ही यांची चाल आहे," एक कार्यकर्ता गरजला. "समोरच्या पक्षाने दुकान विकत घेतलंय. उघडा दार, नाहीतर फोडतो."

दार उघडेना. लसाद बटणं दाबत सुटला, तसा भोंगा आणखीच चेकाळला आणि मग एकदाचा बंद पडला. कार्यकर्त्याने ऑलिव्ह तेलाचा पाच लिटरचा डबा उचलला. आता तो काचेवर बसणार की लसादच्या डोक्यावर, एवढाच प्रश्न उरला होता. एका बाईने फोन वर धरून चित्रण सुरू केलं.

"डबा खाली ठेव, मुन्सिफ," मास्तर म्हणाले. आवाज वर्गातला होता. मुन्सिफने डबा ठेवला.

मग मास्तर पुढे आले, माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि एकेक खिसा उलटा करू लागले. रक्तदाबाच्या गोळ्या. जपमाळ. तीळ लावलेल्या पावाचा अर्धा तुकडा. बसचं तिकीट. छत्तीस वर्षं ज्यांनी या गावाची पोरं शिकवली, ते पोरांच्याच आई-बापांसमोर खिसे झाडत होते. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी पडद्याकडे बघितलं.

नोंदीतला चोर क्रमांक पंधरा. चेहरा मास्तरांचा. आणि खाली छापलेलं वाक्य : 'आपला माणूस, आपला उमेदवार.'

ते प्रचाराचं पत्रक होतं. गेल्या आठवड्यात मीच त्याचा फोटो काढून बहिणीला पाठवला होता. चोरांबरोबर तोही यंत्रात गेला होता.

गप्प राहिले असते तर खापर यंत्रावर फुटलं असतं. पण त्या पावाच्या तुकड्याने माझं तोंड उघडलं.

"मास्तर, चूक माझी आहे. फोटो मी भरला."

"माझा फोटो तुमच्याकडे कशाला होता?"

"बहिणीला पाठवला होता."

"काय लिहून?"

लसाद मागून डोळ्यांनी विनवत होता, सांगू नका. मी सांगितलं, "हे सगळे मतांपुरते उगवतात, यांना एकदा कोंडून ठेवलं पाहिजे."

मास्तरांनी बंद दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कोंडलंत की," ते म्हणाले. मिशीच्या आड हसले आणि पाव खिशात घातला.

मेकॅनिक येऊन दार उघडेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. तेवढ्यात ते चित्रण गावभर पोचलं. "बसने फिरणारा, खिसे उलटे करून दाखवणारा एकच उमेदवार," असं लोक म्हणू लागले. मास्तर दणदणीत मताधिक्याने निवडून आले. माझी नोकरी वाचली, पण दुसऱ्याच दिवशी दारावरून मला लोणच्यांच्या काउंटरवर हलवलं होतं.

मतदानाच्या दोन दिवस आधी मात्र समोरच्या पक्षाचे उमेदवार आले होते. लोणच्यांच्या बरण्यांशी बराच वेळ घुटमळले, मग माझ्या कानाशी लागले :

"बाई, मलाही एकदा अडवा ना. फक्त कोणता खिसा बघणार, ते आधी सांगून ठेवा."